चालवणारा कुठे बसतो?

उन्हाळ्याच्या सुटीत मामाने मला बांदाई या जपानी कंपनीचे गंडमचे किट आणून दिले. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापायचा, कापलेली जागा घासायची आणि गोंद न लावता भाग एकमेकांत बसवायचे. दोन दुपारी त्यात गेल्या. गोष्टीतला हा यंत्रमानव 18 मीटर उंच. माझा त्याच्या 144 पट लहान, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर.

पप्पा फौजेत नर्सिंग असिस्टंट होते. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि विचारले, "छान जमलाय. पण याला चालवणारा कुठे बसतो?" मी पोटाकडे बोट दाखवले. "मग तो कुठाय?" माझ्या किटमध्ये तो नव्हताच.

या प्रश्नामुळे मी मूळ मालिका पाहिली. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली 'मोबाइल सूट गंडम' 1979 मध्ये जपानी टीव्हीवर आली. कथा सुरू होते तेव्हाच युद्धात निम्मी मानवजात मेलेली असते. गंडम चालवणारा आमुरो 15 वर्षांचा आहे, आपल्या दहावीच्या कॅडेटएवढा. लढून लढून तो इतका थकतो, की एकदा यंत्रात बसायलाच नकार देतो. एका भागात तो आईदेखत शत्रूच्या सैनिकावर गोळी झाडतो आणि आईला आपलाच मुलगा परका वाटू लागतो.

या मालिकेला तेव्हा पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत. ठरलेल्या 52 भागांऐवजी 43 भागांवरच जानेवारी 1980 मध्ये ती आटोपली. तिची प्रायोजक खेळण्यांची दुसरीच कंपनी होती. बांदाईने त्याच वर्षी जुलैमध्ये 300 येनचे पहिले किट बाजारात आणले आणि मुलांची झुंबड उडाली. म्हणून कार्टूनमधल्या पात्रांची खेळणी म्हणजे फक्त पालकांचा खिसा रिकामा करण्याचा धंदा, हे मला पूर्ण पटत नाही. पुन्हा दाखवलेले भाग आणि हे प्लॅस्टिक यांनीच ती गोष्ट जिवंत ठेवली.

पण खोक्यावर गोष्ट नसते, फक्त यंत्र असते. ऐटीत उभे, हातात बंदूक, आणि आत कोणी नाही. इतर मुलांनी ते नुसते खेळणे मानले तर बिघडत नाही. आपण मात्र उद्या अधिकारी होण्यासाठी इथे आलो आहोत. उद्या आपल्या हुकमावर जे रणगाडे पुढे जातील, त्यांच्या आत माणसे असतील.

आपल्या हॉबी क्लबच्या प्रदर्शनातली कार्डे आठवा. तोफेचा व्यास, वजन, वेग, सगळे लिहिलेले असते. टी-55 मध्ये चार जण बसत आणि टी-72 मध्ये तीन, हे मात्र लिहिलेले नसते. मित्रांनो, माझी सूचना साधी आहे. यंदा प्रत्येक मॉडेलच्या कार्डावर सर्वांत वर आत किती माणसे बसतात आणि कुठे बसतात ते लिहू या. किट जरूर जोडा, त्याने हाताला सफाई येते आणि धीर धरायची सवय लागते. फक्त आतल्या माणसाला विसरू नका.

माझे कार्ड मी तयार केले आहे. चालक एक. वय 15. उंची, वजन त्याखाली.