फडात आडोसा नाही, म्हणून बाई पाणी पीत नाही

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे कोयत्यावर दिलेली असते. त्यामुळे दिवस गेलेले असले तरी बाईला फडात यावेच लागते. तिची एक अडचण संकोचापायी कोणी बोलत नाही. ती म्हणजे सारखे लघवीला जावे लागणे.

हा काही आजार नव्हे. गरोदरपणात अंगातले रक्त वाढते, मूत्रपिंडांचे काम वाढते, लघवी जास्त होते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपिशवीचा दाब मूत्राशयावर येतो. मधल्या महिन्यांत थोडा आराम पडतो. शेवटी बाळाचे डोके खाली सरकले की पुन्हा तेच.

खरा आजार पुढे उपटतो. फडात आडोसा नाही, गाडी भरायची घाई, खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग बाई पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून ठेवते. अशाने जंतूंचे फावते. गरोदरपणात मूत्रनलिका सैल पडलेल्या असतात, म्हणून संसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर पोचतो. दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा आणि बाळ कमी वजनाचे निपजण्याचा धोका असतो.

आपला ग्रामीण महाराष्ट्र एप्रिल २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण ती मोजणी २०१२ च्या सर्वेक्षणातल्या घरांची होती. ऊसतोड्यांची कोपी आणि फड त्या यादीत कुठून येणार?

शेतकरी बंधूंनो, आपल्या हाती थोडे आहे, तेवढे तरी करू. बांधाला चार बांबू रोवून बारदानाचा किंवा जुन्या शेडनेटचा आडोसा करावा, जवळ पाण्याचा पिंप ठेवावा. फड पुढे सरकला की आडोसाही हलवता येतो. कारखान्याच्या शेतकी खात्याने तोडणीचे करार करतानाच ही अट घालावी. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तळावर फिरते शौचालय उभे करण्याचे मनावर घ्यावे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी बंधित निधीत स्वच्छतेचा वेगळा वाटा ठेवला होता, तो नुसत्या गटारांसाठी नव्हता.

आशाताईंनी तळावरच्या गरोदर बायांची नोंद घ्यावी. लघवीची तपासणी सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहे. काही वेळा त्रास नसतानाही संसर्ग असतो, म्हणून तपासणी सगळ्यांचीच व्हावी. लघवीला जळजळ, थंडी-ताप, कुशीत दुखणे, लघवीतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फार तहान लागत असेल तर साखरही तपासावी. रात्री झोपमोड होत असेल तर झोपण्याआधी पाणी थोडे कमी प्यावे, पण दिवसा मुळीच कमी करू नये.

टोळी परगावची असली तरी फड आपला आहे. तोड येण्याआधी आडोसा उभा असावा.