परसांतील खुरचाफा आणि विहिरीचें पाणी

रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरी वैशाखांत विहिरींचे तळ दिसूं लागतात, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. बहुतेक पाऊस चार महिन्यांतच पडतो व जांभ्याच्या भेगांतून पाझरून समुद्रास मिळतो. अशा दिवसांतही परसांतील मोगऱ्यास पाणी घालावेंच लागतें, आणि तें वाहण्याचा भार बहुधा घरांतील स्त्रियांवर पडतो. महसूल खात्याच्या चाकरींत असतां गांवोगांवची टंचाई आम्हीं कागदावर मांडली. परंतु घागरीचें ओझें ध्यानांत आलें तें निवृत्त होऊन घरीं बसल्यावर.

परसांतील फूलझाड पाण्याचा हिशेब पाहूनच निवडावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि या हिशेबांत खुरचाफा उत्तम बसतो. हें झाड मूळचें मध्य अमेरिकेकडील. परंतु आपल्या देवळांपुढें तें इतकें रुळलें कीं लोक त्यास देवचाफा म्हणतात. त्याच्या मांसल फांद्यांत पाणी सांठून राहतें व कोरड्या दिवसांत पानें गळाल्यानें तें उडून जात नाहीं. चिकामुळें गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. फाल्गुन-चैत्रापासून फुलें येतात व सायंकाळनंतर सुवास अधिकच दरवळतो.

लागवडीसाठीं फाल्गुनांत हातभर लांबीची जून फांदी कापावी, आठ-दहा दिवस सावलींत सुकवावी आणि माती, वाळू व जांभ्याची खडी यांच्या उंचवट्यावर लावावी. चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये. आमच्या पहिल्या दोन फांद्या आम्हीं रोज पाणी घालून कुजविल्या. कातळाच्या कडेस टाकून दिलेली तिसरी मात्र जगली! पावसाळ्यांत पानांवर तांबेरा पडतो. गळलेलीं रोगट पानें गोळा करून जाळावीं.

चाफ्यास बाजारांत मोगऱ्याइतकें मोल नाहीं, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. ज्याची विहीर बारमाही आहे, त्यानें विक्रीसाठीं मोगरा अवश्य करावा. परंतु देवपूजेपुरतीं फुलें हवीं असतील, तर त्यांसाठीं भर वैशाखांत घरच्या बाईस चार घागरी अधिक ओढावयास लावणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. चाफ्याची फांदी शेजाऱ्याकडे मागितली असतां फुकट मिळते. येत्या फाल्गुनांत प्रत्येकानें एक तरी लावून पाहावी.