नीतीचा पाया कोठे आहे?

नीतीचा पाया कोणता, हा वाद पंडितांच्या सभेत पुष्कळ झाला आहे. कोणी शास्त्राज्ञा म्हणतो, कोणी राजदंडाचे भय, कोणी परलोकाची आशा. आमच्या मते या वादात ग्रंथांपेक्षा सातपुड्याच्या पायथ्याचा तळोदे तालुका अधिक भरवशाचा साक्षीदार आहे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे सरकारी परवान्याखाली आले. वकिली केलेल्या आम्हांस कायद्याविषयी आदर आहे. परंतु या कायद्याने भिल्लाचे व्यसन सुटले नाही, परकीय सरकारची तिजोरी मात्र भरली. पुढे स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. त्याचा हेतू निःसंशय चांगला. तथापि चोरून पेटणारी भट्टी त्यानेही विझली नाही.

या दोन कायद्यांच्या मधल्या काळात, १९३७-३८ साली, मोरवडचे गुलाम महाराज यांनी आपल्या भिल्ल बांधवांस सांगितले: दारू सोडा, शुचिर्भूत राहा आणि परस्परांस 'आप' म्हणा. त्यांच्या हाती ना दंड होता, ना पोलीस. तरीही लोक आरतीस लोटले व अनेकांनी दारू सोडली. १९३८ त महाराज निवर्तले. बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे चालविले.

कोणी म्हणेल, ही भोळी श्रद्धा होय. श्रद्धा होती खरी. पण त्या 'आप' शब्दाचे मोल पाहा. सावकाराने व अंमलदाराने ज्यास सदैव 'अरे-तुरे' केले, त्यास प्रथमच कळले की आपणही मान्य पुरुष आहो. ज्यास स्वतःची किंमत कळली, तो ती गुत्त्यावर गहाण टाकीत नाही. शिवाय फळ रोकडे होते: दारू सुटली की कणगीत धान्य उरते आणि कर्जखतावर अंगठा उठवावा लागत नाही. १९७० नंतर शहादे तालुक्यातील आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली, तीही कोणा शास्त्र्याच्या आज्ञेने नव्हे. घरातील मारझोड व उपासमार यांचा अनुभव हेच त्यांचे शास्त्र होते.

सारांश, स्वाभिमान आणि शेजाऱ्याच्या सुखदुःखाची जाणीव, हाच नीतीचा पाया. कायदा हे त्यावरील छप्पर. पायाशिवाय छप्पर उभे राहत नाही. म्हणून आदिवासींस नीतिपाठ देऊ इच्छिणाऱ्या सुशिक्षितांस आमची एकच विनंती आहे: वजनात व व्याजात आपण त्यांस फसवीत नाही ना, हे प्रथम पाहावे, आणि त्यांस 'आप' म्हणण्यास शिकावे. उपदेश मागाहून.