आधी लगीन हातमोज्यांचे

हातमोजे घालून काम करणे आपल्याकडे दोघांनाच शोभते. एक सर्जन, आणि दुसरा विकेटकीपर. या दोघांखेरीज कोणी हातमोजे चढवून मातीत उतरला, की "काय राव, मेंदी सुकायचीय वाटतं?" असे विचारणारा एक तरी इसम कुंपणाला टेकून उभा असतोच. पुष्कळ वर्षे तो इसम मी होतो. तेव्हा नुकताच पक्ष बदललेला माणूस जशा जरा जास्तच मोठ्याने घोषणा देतो, तशा आज मी देणार आहे. ज्यांना झोप आली असेल त्यांनी खुशाल पान उलटावे.

माझा पक्षबदल इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, गव्हाची कापणी झालेल्या एका शेतात, सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास झाला. आमचे जावई तिकडे संगणकाच्या नोकरीत असतात. आठवडाभर काचेकडे बघून डोळे विटले, की शनिवारी ते मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जातात. तिकडे हा रीतसर छंद आहे. शेतमालकाची परवानगी काढायची, संरक्षित स्मारकांच्या वाटेला जायचे नाही, आणि खरोखरच घबाड लागले तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचे. कॉरोनर म्हणजे एरवी संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. जमिनीखालचे सगळे खाते इंग्रजांनी एकाच टेबलावर दिलेले दिसते. जाता जाता आपल्याकडचेही सांगतो, नाहीतर उद्या एखादा वाचक डिटेक्टर घेऊन गडावर जायचा आणि माझे नाव सांगायचा. आपल्याकडे १८७८ चा कायदा म्हणतो, की दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर कलेक्टरसाहेबांना लेखी कळवा. दहा रुपयांत हल्ली चहासुद्धा अर्धाच येतो, पण गडावर जाऊन उकरायचे नाही म्हणजे नाही.

तर जावयांचे नवे यंत्र तीनशे पौंडांचे. हातात धरायला दांडा, कानाला बोंडे, खाली ताटाएवढी चकती. आणि खणायला? खणायला घरातला आमटीचा डाव! माझी पहिली तक्रार इथेच आहे, आणि ती एकट्या जावयांबद्दल नाही. नव्याने या छंदात पडणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. सगळे पैसे यंत्रात घालतो आणि हत्यार घरातले उचलतो. अरे बाबांनो, यंत्राचे काम ओरडण्याचे! ओरडून झाले की ते बाजूला आडवे पडून राहते, आणि पुढचे सगळे तुमच्या हातांना करावे लागते. शिवाय ते चांदीसाठी ओरडते तसे थंड पेयाच्या डब्याच्या कडीसाठीही ओरडते. एक नाणे मिळेपर्यंत पन्नास खड्डे खणावे लागतात. पन्नास खड्डे डावाने खणून बघा, आणि तेही सफोकच्या चिकणमातीत, जी उन्हाळा कोरडा गेला की विटेशी स्पर्धा करते.

"बाबा, घरातलं चालतं हो सगळं," जावई म्हणाले. डाव चौथ्या खड्ड्यात मानेतून वाकला. मग कुंडीतली माती हलवायचे पत्र्याचे हातफावडे काढले. तेही त्याच जागी वाकले. मग मी, एखाद्या सरदाराने म्यानातून तलवार उपसावी तसे, पिशवीतून खुरपे काढले.

हे खुरपे मी लेकीच्या बागेसाठी पुण्याहून सामानात घालून नेले होते. लोहाराकडून घडवून घेतलेले, बाभळीच्या मुठीचे. माझा त्याच्यावर फार जीव. खुरप्याने गवत काढावे, वाफा भुसभुशीत करावा, त्याच्यासारखे दुसरे हत्यार नाही. पण खुरपे जमिनीला समांतर ओढायचे असते, आणि मी ते यंत्र जिथे ओरडले त्याच बिंदूवर, वरून, पूर्ण देशाभिमानाने हाणले. टण्ण! माती बाजूला केली तर चांदीचे एक पातळ नाणे. पहिल्या एडवर्डचे, म्हणजे १२७२ ते १३०७ मधल्या राजाचे. सातशे वर्षे ते नांगरांतून, पावसांतून, बर्फातून सपाट राहिले होते. माझ्या खुरप्याने त्याची करंजी केली.

जावई म्हणाले, "असू दे, बाबा." रागावले असते तर बरे झाले असते.

म्हणून ठासून सांगतो. खणायचे ते आवाजाच्या डोक्यावर नाही, आवाजापासून वीतभर लांबून. शेतात त्याला पोलादाचे अरुंद, लांबट पात्याचे फावडे लागते. पात्यावर पाय द्यायला जागा हवी, आणि दांडा एवढा लांब की साठी उलटलेल्या कमरेला हात जोडायला लागू नयेत. चहूकडून पाते घालायचे आणि ढेकूळ अख्खे उचलायचे. कुरण असेल तर तीन बाजूंनी कापून गवताची चकती झाकणासारखी उलटायची, काम झाले की जागच्या जागी बसवून वर पाय द्यायचा. त्याला एका बाजूला दाते असलेली हातसुरी बरी, मुळे कापत जाते. हे दोन नग पहिल्या दिवशी घ्या, यंत्र भले थोडे स्वस्तातले घ्या. खड्डे उघडे टाकून जाणाऱ्याला शेतकरी दुसऱ्यांदा परवानगी देत नाही, आणि ते अगदी योग्य आहे. पाय मोडतो तो त्याच्या गाईचा, आपला नाही.

यानंतर खुरपे जप्त झाले आणि माझ्या हातात गाजराएवढी एक कांडी आली. खड्ड्यात नेमके कुठे काय आहे ते ही कांडी जवळ नेल्यावर गुणगुणून सांगते. उजव्या हातात कांडी, डाव्या हाताने माती उपसतोय, आणि कांडी सारखी गुणगुणतेय. खाली गेलो, गुणगुणते. डावीकडे गेलो, गुणगुणते. पंधरा मिनिटांत आंब्याचे कलम लावता येईल एवढा खड्डा झाला. मी मनातल्या मनात कॉरोनरला पत्र लिहायला घेतले होते. तेवढ्यात जावयांनी हळूच विचारले, "बाबा, डाव्या हातातली अंगठी काढलीत ना?" आमच्या हिने साडेसातीत घालायला लावलेली ती अंगठी. तास-अर्धा तास मी तिलाच शोधत होतो.

अंगठी खिशात गेली आणि उघड्या बोटांनी उपसणे चालू राहिले. जावयांच्या पिशवीत हातमोजे होते. त्यांनी ते दोनदा पुढे केले. मी काय म्हणालो असेन? "आमच्या आजोबांनी आयुष्यभर उघड्या हातांनी माती केली." हे वाक्य पुरे व्हायच्या आत माझी करंगळी उघडली.

सफोकच्या मातीत चकमकीचे दगड असतात. शेजारच्या नॉरफोकमध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्ज म्हणून जागा आहे. तिथे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी खाणी खणल्या, त्या याच दगडासाठी. कशासाठी? तर त्याची कुऱ्हाड होते म्हणून! म्हणजे ज्या वस्तूची धार अश्मयुगातल्या माणसाला ठाऊक होती, ती धार एका पदवीधराने बोट घालून तपासली. तीन टाके पडले.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारले, धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली? मी म्हटले, १९७४ साली, गंजका खिळा लागला होता तेव्हा. आणि इथे तर गंज नव्हताच, स्वच्छ दगड होता. बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिले. धनुर्वात गंजाने होत नाही, त्याचे जंतू मातीत आणि शेणात सुप्त बसलेले असतात, जखमेतून आत जातात, खिळा नुसता रस्ता करून देतो, हे त्यांनी मला इतक्या सोप्या इंग्रजीत सांगितले की मला माझ्या शाळेची लाज वाटली.

आता त्या आजोबांबद्दल. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला वरचे पेर नव्हते. विळ्याने गेले होते. आम्ही नातवंडे ते बोट कौतुकाने धरून बघत असू, आणि ते त्याची गोष्ट सांगत. त्यांना पेर हवे होते की गोष्ट, हे आम्ही कधी विचारले नाही. घट्टे पडलेल्या हातांची थोरवी गाणारी भाषणे मी स्वतः तीन गणेशोत्सवांत ठोकली आहेत. घट्टे ज्यांचे असतात त्यांनी केलेले असले भाषण मात्र मी एकही ऐकलेले नाही.

"मोज्यांनी स्पर्श कळत नाही," हा दुसरा आक्षेप. जाड चामड्याच्या मोज्यांनी नाही कळत, खरे आहे. लोकरीचे भिजतात आणि दवाखान्यातले पातळ रबरी एका दगडात फाटतात. पण विणकामाचे, तळव्याला नायट्राइलचा लेप दिलेले मोजे मिळतात, त्यांनी तांदळातला खडासुद्धा कळेल. युरोपातल्या मोज्यांवर हातोड्याचे चित्र आणि त्याखाली आकडे असतात. पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. साडीचे काठ बघतो तसे ते बघून घ्यावेत, कारण कापण्याला भारी असलेला मोजा सुईला अगदीच दीनवाणा असू शकतो. आणि मातीत शिशाच्या जुन्या गोळ्याही निघतात. त्या हाताळून हात न धुता डबा उघडू नये.

याच सफोकमध्ये हॉक्सन गावी १९९२ च्या नोव्हेंबरात एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते. निघाली रोमन नाणी, दागिने, चांदीचे चमचे. त्यांनी पुढे खणायचे थांबवून खबर दिली, आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले म्हणून तो ठेवा जसा पुरला होता तसा अभ्यासता आला. नाणी भरली १४,८६५. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस झाले, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ही हकीकत ऐकल्यापासून मला आमच्या घरातली हरवलेली पकड शोधायचा हुरूप आला आहे, पण ते असो.

परत आलो तेव्हा सामानात मोज्यांचे चार जोड होते. आमच्या सोसायटीची बाग करणारे माळीमामा तीस वर्षे उघड्या हातांनी गुलाब छाटतात. कुंपणाकडेच्या मातीत फुटक्या बाटल्या आहेत, त्या कोणी फोडल्या ते तिसऱ्या मजल्यावरच्यांना माहीत. मामांच्या हाताला कायम एक चिंधी असते, फक्त बोट बदलते. मी एक जोड त्यांना दिला. आठ दिवस झाले, मोजे दिसेनात.

"मामा, मोजे कुठायत?"

"हायेत की घरी. लई भारी हायेत सायेब, खराब व्हतील."

मग मी जो काही वाद घातला त्यात वरचे सगळे मुद्दे आले. चकमकीचा दगड, धनुर्वात, आजोबांचे बोट, सगळे. मामांनी निमूट ऐकले आणि दुसऱ्या दिवशी डाव्या हातात मोजा घालून आले. उजवा हात उघडाच.

"दुसरा?"

"उजव्यात खुरपं असतंय, त्याला काय व्हत नाय. मातीत घालतो त्यो डावा." मी गप्प झालो. माझी फाटलेली करंगळीही डावीच होती. "उजवा मोजा पोराला दिला," मामा म्हणाले, "त्यो डावरा हाय."