मीटरच्या रुळावर इंचाचे आटे

इंग्रजीत स्क्रूच्या आट्यांनाही ‘थ्रेड’च म्हणतात; तेव्हा आजचा हा थ्रेड थ्रेडविषयीच आहे. विषय वर्कशॉपचा असला तरी इतिहासप्रेमींनी तो आवर्जून वाचावा. परभणी-पूर्णा परिसरात धावलेल्या मीटरगेज इंजिनाची छोटी, चालती प्रतिकृती घडवू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो: आटे कोणत्या पद्धतीचे पाडायचे? भोकाच्या आत आटे पाडतो तो टॅप आणि दांड्यावर बाहेरून आटे पाडते ती डाय. ही हत्यारे ब्रिटिश ‘बीए’ मापाची घ्यावीत की मेट्रिक? माझे मत आधीच सांगून टाकतो. मेट्रिक घ्यावीत, मोजकी घ्यावीत आणि चांगली घ्यावीत. त्याची कारणे मला हत्यारांच्या दुकानात कमी आणि इतिहासात जास्त सापडली.

सुरुवात १८४१ पासून करू. त्याआधी इंग्लंडमधील प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. यंत्र दुरुस्तीला आले की कोणता नट कोणत्या बोल्टचा हे जपून ठेवावे लागे, नाहीतर पुन्हा सगळे नव्याने घडवावे लागे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट गोळा करून मोजले, त्यांचा सुवर्णमध्य काढला आणि १८४१ मध्ये एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरावीक आटे. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली, कारण एका गावात बनलेले इंजिन शेकडो मैलांवर दुरुस्त व्हायला हवे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. प्रमाणित आट्यांचा जन्म सौंदर्यासाठी झालेला नाही, परक्या माणसाला दुरुस्ती करता यावी म्हणून झाला आहे.

आता आपल्याकडे येऊ. ‘मीटरगेज’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला विरोधाभास जाणवतच नाही. फूट-इंचाच्या साम्राज्यात रुळांमधले अंतर मीटरमध्ये कसे आले? १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयो यांच्या काळात, स्वस्त आणि अरुंद रेल्वेचा विचार सुरू होता. त्याच वेळी हिंदुस्थानात मेट्रिक मापे आणण्याचाही बेत होता. १८७१ च्या वजनमापांच्या कायद्यात तर सेराचे वजन किलोग्रॅमइतके धरले होते. आधी सव्वातीन फुटांची सूचना होती. येऊ घातलेल्या मेट्रिक पद्धतीशी जुळावे म्हणून ती किंचित वाढवून पूर्ण एक मीटर, म्हणजे ३ फूट ३.३७ इंच, करण्यात आली. मेट्रिक मापे काही आली नाहीत. कायदा कागदावर राहिला, रूळ मात्र मीटरचा राहिला.

हाच मीटरचा रूळ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निझामाच्या राज्यात मनमाडहून सिकंदराबादकडे निघाला आणि वाटेत परभणीला आला. पुढे पूर्ण्याहून हिंगोलीकडे फाटा निघाला, आणि पूर्णा हे गाव रेल्वेचे गाव म्हणूनच ओळखले जाऊ लागले. त्या रुळावर धावणारी ब्रिटिश इंजिने मात्र इंचाच्या बोल्टांनी जोडलेली होती. रूळ मीटरचा, आटे इंचाचे! देशाने दशमान मापांचा कायदा केला तो थेट १९५६ मध्ये, आणि तो लागू होऊ लागला १ ऑक्टोबर १९५८ पासून. आजही एखादा जुना मिस्त्री ‘तीन सुती बोल्ट’ मागतो तेव्हा तो इंचाचे आठ भाग करून त्यातले तीन मोजत असतो. सूत हे त्या इंचाचेच मराठीत उरलेले बाळसे.

मराठवाड्यातला मीटरगेज रूळ आता ब्रॉडगेजखाली गेला. वाफेचे इंजिन आता आठवणीतच उरले आहे. पुण्यात जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि ते पाहिलेच पाहिजे. पण पूर्ण्याच्या इंजिनाची चालती प्रतिकृती पूर्ण्याच्याच पोरांनी करायला हवी, असे मला मनापासून वाटते. फोटोतून इंजिन दिसते. त्याचा जोडदांडा चाकाला कसा ढकलतो ते हाताला कळत नाही.

इथेच बीएचा प्रश्न येतो. प्रतिकृतींवरची जुनी पुस्तके बहुतेक ब्रिटिश आहेत. ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक लंडनमध्ये १८९८ साली निघाले, आणि तेव्हापासून या छंदाची भाषा बीए आट्यांची झाली. ती वाचलेल्या वाचकाला वाटते की अस्सल प्रतिकृती म्हणजे बीए, मेट्रिक म्हणजे तडजोड. हा गैरसमज आहे. खऱ्या इंजिनावर व्हिटवर्थचे आटे होते, बीएचे नव्हते. ब्रिटिश असोसिएशनने ही मालिका १८८४ मध्ये स्वीकारली ती शास्त्रीय उपकरणे आणि तारयंत्रांच्या बारीक स्क्रूंसाठी. आणखी गंमत अशी की तिचा पाया जिनिव्हाच्या थ्युरी यांनी मांडलेला होता, त्यामुळे ती मुळातच मिलिमीटरमध्ये आहे. ० बीएचा व्यास ६ मि.मी. आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १ मि.मी.; पुढच्या प्रत्येक क्रमांकाला पिच आधीच्या नऊ-दशांश. तेव्हा प्रतिकृतीत बीए वापरणे ही इंग्लंडमधल्या हौशी मंडळींची परंपरा झाली. तिचा आदर करावा, पण तिला इंजिनाचा इतिहास समजू नये.

कोणी म्हणेल, मग व्हिटवर्थचेच आटे लहान करून पाडू. हिशेब करून पाहा. ४५ मि.मी. रुळावर मीटरगेज दाखवायचे तर प्रमाण सुमारे १:२२.५ येते. खऱ्या इंजिनावरच्या पाऊण इंची, म्हणजे सहा सुती, बोल्टला इंचामागे १० आटे असतात. तो या प्रमाणात लहान केला तर व्यास ०.८५ मि.मी. आणि पिच ०.११ मि.मी. होते. घड्याळाच्या कामातल्या ०.८ मि.मी. स्क्रूचीही पिच ०.२ मि.मी. असते, म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड. इतका बारीक आटा पितळेत पाडला तरी पहिल्या घट्ट फिरकीला सोलून निघेल. प्रमाणबद्ध आटा हे मृगजळ आहे. जे नुसते दिसायचे आहे तिथे रिव्हेट किंवा पिन लावा. ज्याला भार सोसायचा आहे तिथे एम-१.६, एम-२, एम-२.५ आणि एम-३ एवढी चार मापे पुरतात.

बीएवाल्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. मेट्रिक बोल्टचे डोके बोजड दिसते. ८ बीएचा व्यास २.२ मि.मी. आणि षटकोनी डोके सुमारे ३.९ मि.मी.; एम-२ चा व्यास त्याहून कमी, तरी डोके ४ मि.मी. सिलिंडरच्या झाकणावर असे बारा बोल्ट लागले की इंजिन खेळण्यातले वाटू लागते. उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे: ३.२ मि.मी.च्या षटकोनी पितळी सळईतून डोकी स्वतः लेथवर काढायची. मी तो कष्ट पत्करेन, कारण दुसऱ्या बाजूला व्हिटवर्थचा मूळ प्रश्न उभा आहे. पन्नास वर्षांनी ही प्रतिकृती उघडणार कोण, आणि त्याला त्या वेळी परभणीत टॅप कोणता मिळणार?

बीएचा टॅप हरवला की परदेशातून मागवा आणि वाट पाहा. मेट्रिकचे तसे नाही. ज्या मनमाड मार्गाबद्दल वर लिहिले त्याच मार्गावरच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, फोर्ब्ज पेढीच्या ‘टोटेम’ छापाचे टॅप आणि डाय तयार होत आले आहेत. ही पेढी मुंबईतली, १७६७ सालची. ही जाहिरात नव्हे. इतरही भारतीय छाप चांगले आहेत. मुद्दा एवढाच की लहान मेट्रिक आटे पाडण्याची हत्यारे मराठवाड्याला परकी नाहीत.

खरेदीबद्दल माझे मत कडक आहे. चाळीस नगांची चकचकीत पेटी घेऊ नका. त्यातली तीस मापे कधी लागत नाहीत, उरलेली दहा मऊ पोलादाची असतात, आणि त्यातल्या षटकोनी डाय जुने आटे साफ करण्यापुरत्याच कामाच्या. त्याच पैशात हायस्पीड स्टीलचे दोन-तीन मापांचे टॅप आणि फटीची गोल डाय घ्या. फटीमुळे डाय किंचित उघडता येते. पहिली फेरी सैल, दुसरी नेमकी. डाय घेताना तिचा बाहेरचा व्यासही विचारा. आपल्या बाजारात आतले आटे मेट्रिक आणि बाहेरचा व्यास १३/१६ इंच अशा डाय सर्रास असतात. मीटरगेजचा तो विरोधाभास इथे उलटा होऊन तुमच्या हातात येतो, आणि डाय हँडलमध्ये बसत नाही.

आरपार भोकासाठी स्पायरल पॉइंटचा एकच टॅप पुरे. तो कीस पुढे ढकलतो आणि लहान मापात कमी मोडतो. बंद भोकासाठी मात्र हाताच्या टॅपचा संच हवा, आणि हँडल छोटेच हवे. लांब हँडलवर दोन मिलिमीटरचा टॅप म्हणजे पहाराने काडी फिरवणे.

टॅप मोडतो तो बहुधा भोक लहान पाडल्यामुळे. तक्त्यात एम-२ साठी १.६ मि.मी. ड्रिल दिलेले असते. तिथे सुमारे ७७ टक्के आटा मिळतो. १.६५ मि.मी. घेतले तर ६७ टक्के. ताकदीत फरक नगण्य पडतो, टॅपवरचा जोर मात्र चांगलाच उतरतो. ड्रिल मशीन बंद ठेवून तिच्या चकमध्येच टॅप धरा आणि चक हाताने फिरवा, म्हणजे टॅप सरळ राहील. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पोलादाला तेल लागते, पितळेला फारसे नाही. एवढे करूनही साध्या कार्बन स्टीलचा टॅप पितळेत मोडलाच, तर भाग तुरटीच्या गरम पाण्यात ठेवा. तुरटी हळूहळू पोलाद खाते आणि पितळ तसेच ठेवते. जुने घड्याळजी अडकलेले स्क्रू याच युक्तीने काढत. हायस्पीड स्टीलला वेळ अधिक लागतो.

एका ठिकाणी मी माझ्याच मताविरुद्ध जाईन. तुमच्या हाती नवी प्रतिकृती नसून जुने तारयंत्र, स्टेशनवरचे एखादे उपकरण किंवा ब्रिटिशकालीन वीजमीटर आले, तर त्यात मेट्रिक टॅप घालू नका. आधी पिच गेज लावा. ० बीए आणि एम-६ यांचा व्यास आणि पिच जवळपास एकच, फक्त कोन एकाचा ४७.५ आणि दुसऱ्याचा ६० अंश. त्यामुळे एम-६ चा स्क्रू तिथे फिरतोही आणि चुकीचे आहे हे कळत नाही. त्याखालच्या मापांत तर तो जोराने घातला की मूळ आटे कायमचे जातात. बीएचा टॅप परदेशातून मागवण्याचा खर्च करायचा तर तो अशा उपकरणासाठी करा.