दोन मुठींवरचा ध्रुव

मावसबहिणीच्या मुलीचं लग्न मेलबर्नला झालं. गुरुजी इथून व्हिडिओवर. सप्तपदी आटोपल्यावर ते म्हणाले, "आता वधूला ध्रुव दाखवा." मंडळी अंगणात गेली, उत्तरेकडे तोंड करून हात जोडून परत आली. कुणी चकार शब्द काढला नाही. पण ध्रुव तिथे दिसणार कसा? मेलबर्न विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३८ अंशांवर. तिथे तो क्षितिजाच्या वर कधीच येत नाही.

हिशोब अगदी सोपा आहे. उत्तर गोलार्धात आपलं गाव जितक्या अक्षांशावर, साधारण तितकेच अंश ध्रुव क्षितिजाच्या वर. उत्तर ध्रुवावर तो डोक्यावर, श्रीनगरला ३४ अंश, कन्याकुमारीला जेमतेम ८. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकतो आणि पुढे दक्षिणेला गेलं की बुडतो. आमचं वाशिम २० अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की आमचा ध्रुव!

आता आम्हा वाशिमकरांची गंमत. आम्हाला अभिमान मध्यरेषेचा. पृथ्वीची मध्यरेषा गावातल्या मध्यमेश्वराच्या देवळातून जाते, असं लहानपणापासून ऐकतोय. त्याला आधारही आहे. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल'मध्ये (इ.स. ११८३) मध्यरेषेवरच्या गावांत वत्सगुल्म, म्हणजे वाशिम, उज्जैनच्या जोडीला येतं. पण नकाशा काढून बघा, वाशिम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडं जास्तच आहे. यात भास्कराचार्यांचा कमीपणा नाही. रेखांश काढायचा तर दोन गावांची वेळ एकाच क्षणी ताडून पाहावी लागते, आणि तेव्हा त्यासाठी ग्रहणाचीच वाट बघावी लागायची. अक्षांशाचं तसं नाही. तो ध्रुव रोज रात्री फुकट सांगतो.

म्हणून माझं आपलं स्पष्ट मत : पोरांना मध्यरेषेचा अभिमान जरूर सांगा, पण आधी एकदा गच्चीवर न्या. उन्हाळ्यात सप्तर्षीतल्या पुलहापासून क्रतूकडे रेघ ओढून ती पाचपट पुढे न्यायची की ध्रुव. हिवाळ्यात संध्याकाळी शर्मिष्ठा मदतीला असतेच. मग मुठी मोजू द्या. रेषा माणसांनी ठरवलेली. उज्जैनची होती, १८८४ साली ग्रीनिचची झाली. दोन मुठी मात्र कुठल्या परिषदेत ठरल्या नाहीत.

आणि मेलबर्नच्या अंगणात कुणीतरी सरळ म्हणायला हवं होतं, "गुरुजी, इथून दिसत नाही." त्यानं लग्न थोडंच मोडलं असतं! न दिसणाऱ्याला नुसते हात जोडण्यापेक्षा ते जास्त बरं. भाची हे वाचत असेलच. बाई गं, जावयांना घेऊन वाशिमला ये. ध्रुवदर्शन उरलंय तुमचं. गच्ची आमची, मुठी तुमच्या.