दादा कोंडके : पडद्यावर उरलेला, रंगमंचावर विरलेला सोंगाड्या

१/ दादा कोंडके हे नाव उच्चारताच आजच्या तरुणास आठवते ती लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी, भाबडा चेहरा आणि द्व्यर्थी संवाद. ही प्रतिमा खोटी नाही, परंतु अर्धीच आहे. उरलेली अर्धी का दिसत नाही, हा प्रश्न इतिहासाच्या साधनांचा आहे. म्हणूनच हा धागा.

२/ कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईतील नायगावच्या कामगार वस्तीत झाला. 'अपना बाजार'मधील नोकरी, बँडपथक आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक ही त्यांची पाठशाळा. निळू फुले आणि राम नगरकर हेही याच कलापथकाच्या मुशीतून घडले. लोकप्रबोधनासाठी सेवा दलाने जो साचा स्वीकारला, तो तमाशाचा होता.

३/ गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम. त्यात सोंगाड्याला एक विशेष सवलत असे : संहितेबाहेर जाण्याची. वगातल्या राजाला उद्देशून मारलेला टोमणा समोर बसलेल्या गावपुढाऱ्याला बरोबर लागे आणि तरीही तो 'सोंगातला' म्हणून खपून जाई. सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी हीच परंपरा दीर्घकाळ गाजवली.

४/ दादांनी ही सवलत शहरी नाट्यगृहात नेली. साठच्या दशकात रंगभूमीवर आलेले वसंत सबनीस यांचे लोकनाट्य 'विच्छा माझी पुरी करा' हे त्याचे साधन. कथा साधी : राजा राज्याबाहेर जातो, प्रधान आपल्या माणसाला कोतवालपदी बसवतो आणि हक्काच्या बढतीस मुकलेला हवालदार मैनावतीच्या साहाय्याने त्याला पेचात पकडतो. राजाचा छपरी पलंग हे या डावाचे आमिष.

५/ वशिलेबाजीवरचा हा वग हवालदार झालेल्या दादांच्या मुखी रोज नवा होत असे. सकाळच्या वर्तमानपत्रातील बातमी रात्रीच्या प्रयोगात विनोद होऊन अवतरे. या लोकनाट्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. सबनीसांची संहिता छापील रूपात उपलब्ध आहे. दादांनी प्रयोगागणिक घातलेली भर मात्र ज्या रात्री जन्मली, त्याच रात्री बहुतांशी विरून गेली.

६/ या हानीचे मोल एका परदेशी उदाहरणाने कळेल. नेदरलँड्समध्ये अशा राजकीय विनोदाला 'कॅबरे' म्हणतात. नृत्याशी त्याचा संबंध नाही. तेथील विनोदवीर विम कान (१९११–१९८३) १९५४ पासून ३१ डिसेंबरच्या रात्री रेडिओवर सरत्या वर्षाचा खरपूस समाचार घेई. पुढे १९७३ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला. हे कार्यक्रम प्रसारित झाले, म्हणून ध्वनिमुद्रणांच्या रूपाने टिकले. त्या देशाचा अभ्यासक त्यांकडे राजकीय इतिहासाचे साधन म्हणून पाहू शकतो. सोंगाड्याला असे दफ्तर लाभले नाही.

७/ दादांचे टिकले ते चित्रपट. 'विच्छा'चा प्रयोग पाहून आशा भोसले यांनी त्यांचे नाव भालजी पेंढारकरांना सुचवले. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओचे हे भालजी. त्यांच्या 'तांबडी माती'तून (१९६९) दादा पडद्यावर आले. स्वतः निर्मिलेल्या 'सोंगाड्या'त (१९७१) तमाशाच्या नादी लागलेला नाम्या त्यांनी उभा केला. पुढे 'एकटा जीव सदाशिव', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' आले. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची नोंद गिनीज बुकात झाली.

८/ या चित्रपटांवर अश्लीलतेचा आरोप झाला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. द्व्यर्थी विनोदाचा भार वारंवार स्त्रीपात्रांवर पडतो. लोकप्रियतेच्या आकड्यांनी त्याचे समर्थन होत नाही. त्यात आणखी एक बदल झाला. रंगमंचावर विनोदाचा रोख रोजच्या सत्तेकडे वळू शके. पडद्यावरचा विनोद एकदा चित्रित होऊन सेन्सॉरच्या कात्रीतून सुटला की कायमचा गोठतो. कालच्या बातमीला त्यात जागा उरत नाही.

९/ १४ मार्च १९९८ रोजी दादा निवर्तले. त्यानंतरचा प्रत्येक निवाडा टिकलेल्या पुराव्यावर, म्हणजे चित्रपटांवर, दिला गेला. जे टिकले तेच महत्त्वाचे होते असे मानणे, हा इतिहासवाचनातील मोठा धोका. पेशवे दफ्तराच्या रुमालांत रयतेचा आवाज क्वचितच सापडतो. म्हणून रयत मुकी होती असे कोणी म्हणत नाही. तोच न्याय सोंगाड्यालाही लागू व्हावा.

१०/ सुदैवाने एक दफ्तर अद्याप जिवंत आहे : प्रेक्षकांची स्मृती. पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावांत जत्रेच्या तमाशात कनातीत बसून हसलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. कोणता टोमणा कोणाला लागला, कोण रागावून उठून गेले, हे तिला ठाऊक आहे. गडकोटांची मापे घेणाऱ्या तरुणांनी एक सायंकाळ गावच्या पारावर घालवावी, मोबाइलचे ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे आणि सांगणाऱ्याचे गाव, साल व फडाचे नाव नोंदवावे. बुरूज आणखी शंभर वर्षे उभा राहील. या आठवणींना तेवढी मुदत नाही.